पंपाचा ठोका

परवा नातीने मला तिच्या फोनवर एक व्हिडिओ दाखवला. काळ्या पडद्यावर शेकडो जिवंत पेशी, आणि प्रत्येक पेशी आपापल्या वेळेला हिरवी उजळून विझत होती. कॉलेजात त्यांना आता हे पहिल्याच वर्षी शिकवतात म्हणे. "आजोबा, तुम्ही हेच करायचात ना?" तिने विचारलं आणि मी तोंड उघडायच्या आत फोन काढून घेतला, कारण तिला कुणाचा तरी मेसेज आला होता. मी मनाशीच म्हटलं, हेच करायचो गं. फक्त आम्हाला दोन पेशी एकदम बघायला अकरा महिने लागले, आणि त्या दोघींपायी एका मुलीवर चंबूगबाळं आवरायची वेळ आली होती.

तेव्हापासून आमच्या प्रयोगशाळेची ती खोली काही डोक्यातून जात नाही. तळमजल्यावर, जिन्याखाली. खिडक्यांना काळा कागद चिकटवलेला, कारण उजेड चालायचा नाही. पंख्याला बंदी, कारण हादरे चालायचे नाहीत. मधोमध दगडी लादीचं टेबल, आणि ते टेबल हवा भरलेल्या स्कूटरच्या चार ट्यूबांवर ठेवलेलं, म्हणजे रस्त्यावरून ट्रक गेला तरी मायक्रोस्कोपला त्याचा पत्ता लागू नये. दर सोमवारी त्या ट्यूबांत हवा भरायचं काम माझं. तापलेला दिवा, स्पिरिट आणि जुनं रबर यांचा मिळून जो वास तिथे यायचा तो आता कुठेच येत नाही. मी सायकलच्या दुकानासमोर मुद्दाम रेंगाळून पाहिलंय. तो वास वेगळा.

मी काही शास्त्रज्ञ नव्हे. सगळे मला मिस्त्री म्हणायचे. मूळचा मी फ्रिज दुरुस्त करणारा. प्रयोगशाळेतला फ्रिज बंद पडला म्हणून एक दिवस अवजारांची पिशवी घेऊन गेलो आणि सत्तावीस वर्षांनी निवृत्त होऊन बाहेर आलो. माझ्याकडे ना डिप्लोमा होता ना कसला दाखला. नेमणुकीच्या वेळी वरच्या ऑफिसने हरकत घेतली, तेव्हा बाई त्यांना म्हणाल्या होत्या की कागद तुमच्याकडे ढीगभर आहेत, मला हात हवे आहेत. हे मला नंतर तिथल्या कारकुनाने सांगितलं. बाईंनी स्वतः त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही.

बाई म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. तेव्हा निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. ताठ चालायच्या, कमी बोलायच्या, आणि कान असे तिखट की भिंतीपलीकडे आपल्या खोलीत बसून म्हणायच्या, "मिस्त्री, पंप अडखळतोय." मी जाऊन पाहावं तर तो खरंच अडखळत असायचा.

हा पंप माझा. म्हणजे मी बनवलेला. जुन्या रेकॉर्ड प्लेअरची मोटर, तीन छोटी चाकं आणि एक रबरी नळी. चाकं फिरताना नळी पिळत जायची आणि आतलं औषध पुढे सरकायचं. विकतचा पंप घ्यायची आमची ऐपत नव्हती, आणि मला तर तो घ्यायची इच्छाही नव्हती. विजेचा दाब वरखाली झाला की माझा पंप थोडा पुढे-मागे व्हायचा, हे कबूल. पण तो नऊ वर्षं चालला होता आणि त्याच्याबद्दल कुणी वाकडं बोललं तर मला खपायचं नाही.

आमचं काम यकृताच्या पेशींवर. त्या सकाळी तयार करायच्या, काचेवर बसवायच्या, आणि दुपारी चारच्या आत जे काय बघायचं ते बघून घ्यायचं, कारण त्यानंतर त्या मान टाकायच्या. पेशीत एक रंग भरायचा. आत कॅल्शियम वाढलं की तो हिरवा चमकतो. पेशींवरून मिठाचं कोमट पाणी सतत वाहतं ठेवायचं आणि त्या पाण्यात माझा पंप हार्मोन मिसळत राहायचा. बाईंनी मला पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं: हार्मोन पेशीच्या दाराशीच थांबतं, आत जात नाही. आत निरोप पोचवायचं काम कॅल्शियमचं. निरोप आला की कॅल्शियम वाढतं आणि हार्मोन असेपर्यंत वाढलेलंच राहतं, अशी तेव्हा आमची समजूत होती.

ती समजूत पाहुणीने मोडली.

पाहुणी हे तिचं नाव मी ठेवलं. एका वर्षासाठी आलेली, तर दुसरं काय म्हणणार? तिच्या मोठ्या भावाचा छापखाना होता. घरी एक वर्षाची बोली करून ती आली होती. वर्षात काही हाती लागलं नाही तर परत जाऊन छापखान्यात बसायचं, मुद्रितं तपासायची. लागलं, तर बाई मुदतवाढीच्या पत्रावर सही करणार आणि मग तीन वर्षं तिला कुणी हलवू शकणार नव्हतं. मुलगी बुटकी, मायक्रोस्कोपपाशी बसायला खुर्चीवर दोन जाड वह्या ठेवायची. सकाळी माझ्या आधी यायची, याचा मला फार राग यायचा. सत्तावीस वर्षांत माझ्या आधी कुलूप उघडणारी ती एकटीच.

आठव्या महिन्यात तिच्या कागदावर डोंगर उमटले. आमच्या यंत्राला एका वेळी एकच पेशी दिसायची. तिच्यापुरतं एक बारीक भोक ठेवून बाकी सगळं झाकायचं, आणि तिचा उजेड कमी-जास्त होईल तसं एक पेन सरकत्या कागदावर रेघ काढायचं. ती रेघ वर जाऊन वरच राहायला हवी होती. त्याऐवजी ती वर गेली, खाली आली, परत वर गेली. दर चाळीस-बेचाळीस सेकंदांनी एक डोंगर. पाहुणी कागद घेऊन धावत बाईंकडे गेली आणि मी पाठोपाठ गेलो, कारण मलाही राहवेना.

बाईंनी कागद हातात घेतला, टेबलावर ठेवला आणि तिला आकडे वाचून दाखवायला सांगितले. तिने वाचले. चाळीस, त्रेचाळीस, एकेचाळीस. बाईंनी मला विचारलं, तुमच्या पंपाची एक फेरी किती वेळात होते? मी म्हटलं, चाळीस सेकंद, थोडं इकडेतिकडे. बाई म्हणाल्या, "मग हा पंप आहे. पंप ढकलतो तेव्हा पेशी चमकते. यात पेशीचं काही नाही."

मला असं झालं की कुणीतरी माझ्या पोराला भर रस्त्यात चोर म्हटलंय. पाहुणीचा चेहरा उतरला. मी तिला बाहेर आल्यावर म्हटलं की तू काळजी करू नकोस, या आळातून तुला आणि पंपाला, दोघांनाही मी सोडवतो.

आणि मी माती खाल्ली. पाहुणीला न विचारता, एका गुरुवारी, मी पंपाची गती कमी केली. एक फेरी साठ सेकंदांना. माझा हिशोब सरळ होता: पंप मंद केला तरी पेशी चाळिसालाच चमकत राहिली, तर पंप निर्दोष. इतकी खात्री होती की मी आधीच बाईंना बोलावून बसवलं. पेन कागदावर चालू लागलं. मी मोठ्या आवाजात सेकंद मोजत होतो. अठ्ठावन्न. एकसष्ट. साठ. पंप मंद झाला तशी पेशीही मंद झाली होती. बाई उठून आपल्या खोलीत गेल्या. पाहुणी माझ्याकडे बघून हसली, आणि ते हसू बघवेना.

खरं काय ते पुष्कळ नंतर कळलं. पंप मंद केल्यामुळे पाण्यात हार्मोन कमी मिसळत होतं. हार्मोन कमी, म्हणून पेशीचे ठोके सावकाश. जास्त असतं तर भरभर. पेशीला जास्त सांगायचं असेल तेव्हा ती आवाज चढवत नाही, नुसती घाई करते. म्हणजे आम्ही जे शोधत होतो तेच मी त्या गुरुवारी कागदावर काढून दाखवलं होतं, आणि तिघांपैकी एकालाही ते वाचता आलं नाही. आजही अंघोळ करताना मध्येच ते आठवतं आणि मी स्वतःला एक सणसणीत शिवी हासडतो.

त्यानंतर बाईंनी पाहुणीला स्पष्ट सांगितलं की नवीन पंप येईपर्यंत हे काम थांबवू, आणि नवीन पंप दोन वर्षं तरी येत नाही. तीस तारखेला तिचं वर्ष संपत होतं. सही होणार नव्हती.

पाहुणीने हाय खाल्ली नाही. ती यंत्र बाजूला ठेवून नुसत्या डोळ्यांनी बघू लागली. दिवसभर त्या काळोखात आयपीसला डोळा लावून बसायची. अकरा महिने उलटल्यावर एके दिवशी तिने मला हाक मारली. मायक्रोस्कोपला बाजूने एक दुसरी नळी जोडलेली होती, शिकाऊ मुलांना दाखवण्यासाठी. दोन माणसं एकदम तेच दृश्य बघू शकायची. मी त्या नळीला डोळा लावला. शेजारी शेजारी दोन पेशी, एकमेकींना चिकटलेल्या. डावी उजळली आणि विझली. उजवी तशीच काळी. मग थोड्या वेळाने उजवी उजळली, तेव्हा डावी गप्प. मी पाच मिनिटं बघत होतो. माझ्यासारख्या फ्रिजवाल्यालाही कळत होतं की एकच पंप दोन शेजारणींना दोन वेगळ्या वेळी ढकलू शकत नाही.

आता बाईंनी फक्त येऊन एकदा बघायचं होतं. पण बाई येईनात. आज डोळे दुखताहेत, उद्या मीटिंग आहे, परवा कुणी भेटायला येणार आहे. मला कागदावर दाखव, म्हणायच्या. पाहुणी म्हणायची, बाई, कागदावर एका वेळी एकच येते हो. दोघी एकदम फक्त डोळ्यांनाच दिसतात. असे दहा दिवस गेले. पंचवीस तारखेला, मंगळवारी, बाई शेवटी आल्या.

त्या दिवशी मी रागात होतो. पाहुणी पंपापाशी उभी राहून नळी बघत होती, बाई खुर्चीवर बसल्या, मी खोलीतला दिवा मंद केला आणि मायक्रोस्कोपशेजारी उभा राहिलो. बाई आयपीसला डोळा लावून बराच वेळ बसल्या. दोन मिनिटं झाली, तीन झाली. मग त्या मागे सरकल्या आणि म्हणाल्या, "पाहिलं. दोन्ही एकदमच चमकतात. पंपच आहे."

त्या गेल्यावर मी मायक्रोस्कोपचा दिवा बंद करायला हात पुढे केला आणि तिथेच थांबलो. दिव्याच्या पुढे एक छोटं शटर असतं. एरवी ते बंदच ठेवायचं, नाहीतर उजेडाने पेशी मरतात. कुणी बघायला बसलं की ते उघडायचं काम माझं. रागाच्या भरात मी ते उघडलंच नव्हतं. दुकान बंद होतं आणि बाई म्हणत होत्या, माल पाहिला. आत मिट्ट काळोख होता. कुणीही म्हणालं असतं, अहो मिस्त्री, काही दिसत नाहीये. बाई म्हणाल्या नाहीत, कारण त्यांच्या दृष्टीने काही वेगळं नव्हतं.

मग एकेक गोष्ट आठवत गेली. आकडे वाचून दाखवायला सांगणं. आलेखाच्या रेघा जाड काळ्या पेनाने परत काढून आणायला लावणं. मला वाटायचं, वयाप्रमाणे हट्ट वाढलाय. चहा ओतताना कपाच्या काठाच्या आत टेकवलेलं बोट. जिन्यात पायऱ्या मोजल्यासारखं ते ताठ चालणं.

पहिल्यांदा मला बाईंचा संताप आला. दिसत नाही तर दिसत नाही म्हणायचं होतं. त्या मुलीचं आयुष्य काय वाटेवर पडलंय? पण संध्याकाळपर्यंत तो राग टिकला नाही. वरचं ऑफिस आमच्या खोलीवर टपून बसलं होतं. त्यांना तिथे जुन्या कपाटांचं गोदाम करायचं होतं. बाईंना दिसत नाही हे एकदा बाहेर गेलं की आठवड्यात कुलूप. आणि तेही बाजूला ठेवा. ज्या बाईने सगळा जन्म डोळा लावून काढला, तिने एका शिकाऊ मुलीसमोर म्हणायचं की मला काही दिसत नाही? मला नसतं जमलं. चष्म्याचा नंबर वाढला तरी मी बायकोपासून सहा महिने लपवला होता.

बोललो तर बाई जाणार, गप्प बसलो तर पाहुणी जाणार. दोन दिवस मी जेवणावरची वासना गेल्यासारखा वागत होतो. शेवटी आमच्या हिने खोदून विचारलं. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली की घरात माझ्यावर एवढे डाफरता, तर जाऊन बाईंना सरळ विचारा की. मी म्हटलं, तुला नाही कळणार. ती म्हणाली, कळतंय, तुम्ही बाईंना घाबरता. खरंच होतं ते. पण घाबरत होतो ते त्या रागावतील म्हणून नव्हे. त्यांचा चेहरा पडलेला मला बघायचा नव्हता.

फ्रिजच्या धंद्यात मी एक शिकलो होतो. यंत्राचं दुखणं डोळ्यांच्या आधी कानाला कळतं. कॉम्प्रेसरला स्क्रू-ड्रायव्हर टेकवायचा, त्याची मूठ कानाला लावायची, आणि आत काय चाललंय ते ऐकायचं. शुक्रवारी सकाळी नळी बसवताना हे एकदम डोक्यात आलं, आणि मी हात न पुसताच बाईंच्या खोलीत गेलो. म्हटलं, बाई, माझ्या पंपावर आळ आलाय. वर्ष संपायच्या आत तो मला तुमच्याकडून तपासून हवा, पण कानांनी. तुमच्याइतके कान इथे कुणाचे नाहीत. बाईंनी मान वर करून माझ्या दिशेने बघितलं. मला वाटलं, आता नाही म्हणतात. त्या म्हणाल्या, चला.

मी पाहुणीला फक्त एवढं सांगितलं की डावी पेशी तुझी, उजवी माझी. तुझी उजळली की तू पेनाने लाकडी स्टुलावर एक ठोका द्यायचा. माझी उजळली की मी पान्याने स्टीलच्या ट्रेवर देतो. तोंडाने एक शब्द बोलायचा नाही. ती म्हणाली, पण बाईंनी मंगळवारीच पाहिलंय की. मी म्हटलं, विचारू नकोस. तिने माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे, आणि हळूच खुर्चीवरच्या वह्या सारख्या केल्या.

बाई आमच्या दोघांच्या मधे बसल्या, हात मांडीवर, डोळे मिटून. मी शटर उघडलं. ते उघडलंय याची त्या दिवशी मी तीनदा खात्री केली. पाहुणी आयपीसला, मी बाजूच्या नळीला. पाणी सोडलं, पंप पूर्वीच्याच चाळीस सेकंदांच्या फेरीवर सुरू केला.

सुरुवातीला काहीच नाही. पंपाची घरघर तेवढी, आणि फेरी संपताना तो करायचा ती बारीक कुई. मग तिची पेशी उजळली. टक. मी माझ्या पेशीवर डोळा रोखून बसलो होतो. ती काळी ती काळीच. आणि मग तिच्या एका कडेला हिरवं झालं, ते पसरत पसरत दुसऱ्या टोकाला गेलं, आणि मी पाना मारला. ठण.

मग वाट बघायची. चाळीस सेकंद म्हणजे किती असतात ते गप्प बसून मोजल्याशिवाय कळत नाही. टक. बाई हलल्या नाहीत. ठण. पहिल्या तीन-चार वेळा तिचा ठोका आणि माझा ठोका यांत थोडंच अंतर होतं, आणि मला भीती वाटली की बाईंना ते एकच वाटेल. पण माझी पेशी आळशी होती. दर फेरीला ती मागे पडत गेली. टक, आणि बऱ्याच वेळाने ठण. टक, आणि मग आणखी वेळाने ठण. एकदा तर दोन टक झाले तरी माझं काहीच नाही, आणि नंतर पाहुणीच्या ठोक्याच्या जरा आधीच माझा ठण वाजला. मधूनच पंपाची कुई, कधी तिच्या ठोक्याजवळ, कधी माझ्या, कुणाच्याच बरोबर नाही. पंधरा मिनिटं झाली असतील. बाहेर कुणीतरी जिन्यावरून हसत गेलं. बाईंनी कपाळाला आठी घालून हात वर केला, जणू त्या माणसालाही गप्प करायचं होतं.

"मिस्त्री," त्या म्हणाल्या, "पंप एकच आहे ना?"

"एकच आहे, बाई."

"आणि नळी?"

"एकच."

"मग या दोघी आपापल्या चालतायत. पंपाच्या नाही."

मी नळीवरून डोळा काढला नाही. काढायची हिंमत नव्हती. पाहुणीनेही काढला नाही. टक, असा तिचा ठोका झाला आणि ती जशीच्या तशी बसून राहिली. मला वाटलं, झालं, जिंकलो, आता बाई उठून जातील आणि झाकली मूठ तशीच राहील. पण बाई उठल्या नाहीत.

"मंगळवारी मी काही पाहिलं नव्हतं," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता, वर्गात शिकवतात तसा. "मी तुला खोटं सांगितलं. वर्ष झालं, मला त्यात काहीच दिसत नाही. मिस्त्रींना कळलं असणार, म्हणून त्यांनी हे ठोके काढले. तुझं काम बरोबर आहे, पोरी, आणि ते मी अडवून ठेवलं. पत्र घेऊन ये, मी सही करते. फक्त सही कुठे करायची तिथे माझं बोट ठेव."

पाहुणीचा श्वास अडकून अडकून येत होता, मला एवढ्याशा अंतरावरून ऐकू येत होता. पण डावी पेशी उजळली असणार, कारण तिने पेन स्टुलावर आपटलं. टक. बाईंनी डोकं माझ्या बाजूला वळवलं आणि वाट पाहिली. पुन्हा पाहुणीचा टक झाला.

"मिस्त्री," बाई म्हणाल्या, "तुमचा ठोका आला नाही."

मी पाना घट्ट धरून तसाच नळीला डोळा लावून होतो. समोर सगळं हिरवं पाणी पाणी झालं होतं.

"बाई," मी म्हटलं, "मला दिसत नाहीये."